वाफेवरची चिलखती युद्धनौका डिझाइन करताय? या चुका टाळा

बहुतेक जण सुरुवात तोफांपासून करतात. मी पण तेच केलेलं, माझ्या पहिल्या काल्पनिक नौकेला सहा टरेट (तोफांचे फिरते चिलखती बुरूज), जाडजूड चिलखत, वर भन्नाट स्पीड, आणि मग वजनाची बेरीज केली तर जहाज कागदावरच बुडालं! आधी लांबी, रुंदी आणि पाण्याखालची खोली ठरवा, जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं तेवढंच वजन तुमच्या हातात असतं, त्यातूनच सगळं भागवायचं.

चिलखत किती टन खातं याचा अंदाजच नसतो लोकांना. 120 मीटर लांब, 4 मीटर उंच आणि 25 सेंटीमीटर जाड पट्टा दोन्ही बाजूंना लावला तर साधारण 1,880 टन होतात, आणि यात टरेट, डेक काहीच धरलेलं नाही. वजन जास्त होत असेल तर आधी पट्ट्याची लांबी कमी करा, जाडी नंतर. बॉयलर, इंजिन आणि दारूगोळा झाकला गेला की टोकं पातळ असली तरी चालतात.

स्पीडचं गणित तर अजूनच वाईट. ताकद साधारण वेगाच्या घनात वाढते, म्हणजे 21 नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 25 वर जायला थोडी नाही, पावणेदोन पट जवळपास. ब्रिटिशांचंच बघा ना, ड्रेडनॉट या युद्धनौकेला 21 नॉटसाठी 23,000 हॉर्सपॉवर, आणि साधारण तेवढ्याच वजनाच्या इन्व्हिन्सिबल या नौकेला 25 नॉटसाठी 41,000, त्याची किंमत म्हणून एक टरेट कमी आणि पट्टा 11 इंचांवरून 6 इंचांवर. तुमच्या नौकेला दोन्ही हवं असेल तर ती मोठी करा, दुसरा उपाय नाही.

आता सगळ्यात जीवघेणी चूक, वरचं वजन. एचएमएस कॅप्टन ही ब्रिटिशांची टरेटवाली नौका, त्यात उंच डोलकाठ्या आणि पूर्ण शिडं. पाण्यापासून डेकची उंची 8 फूट ठरलेली, पण बांधताना वजन वाढत गेलं आणि साडेसहाच्या आसपास उरली. 7 सप्टेंबर 1870 ला स्पेनजवळ वादळात उलटली, साडेचारशेहून जास्त माणसं गेली, त्यात डिझाइनवाले कोल्स स्वतः पण. तुमची नौका कलतेय असं वाटलं तर टरेट खाली आणा किंवा रुंदी वाढवा, पण रुंदी अति केली तर ती झटके देत डोलते आणि मग नेम कोण धरणार.

धुराडं विसरू नका. ड्रेडनॉटवर टेहळणीचा डोलखांब धुराड्याच्या मागे होता, वर बसलेल्याला धूर आणि उष्णता दोन्ही. चित्रात मस्त दिसतं, काम होत नाही.

आणि कोळसा. हा काही ठिकाणावर बसून राहत नाही, जळतो, जहाज वर येतं, भरला की परत खाली. ड्रेडनॉटवर पूर्ण लोड असताना 11 इंची पट्ट्याची वरची कडच पाण्याखाली जायची, म्हणून पट्टा काढायच्या आधी पाण्याच्या दोन रेषा काढा, एक कोठारं भरलेली असतानाची आणि एक संपत आल्यावरची.