टायटॅनियमची रेसिंग सायकल: या चुका टाळा

टायटॅनियमची फ्रेम गंजत नाही. या एका गोष्टीवर विसंबून अनेक जण सायकल नुसती धुऊन उभी करतात आणि इथेच घात होतो. त्या फ्रेमला जोडलेला प्रत्येक सुटा भाग झिजतो, गंजतो, अडकतो.

सगळ्यात महागात पडतो तो ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारा दांडा. घाम आणि पावसाचं पाणी सीट ट्यूबमध्ये, म्हणजे हा दांडा ज्यात बसतो त्या फ्रेमच्या नळीत, उतरतं. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की झीज ॲल्युमिनियमची होते, त्यावर धरलेला पांढरा थर फुगतो आणि सीटपोस्ट आत जाम बसतो. बसवताना अँटी-सीझ (धातू एकमेकांत जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी काढून, पुसून, पुन्हा लावा. पावसात चालवत असाल तर त्याहून लवकर. कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस नको, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट हवी. आधीच जाम झाला असेल, तर सीटपोस्ट आवळणारा क्लॅम्प सैल करून सांध्यात पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं तेल) सोडा आणि रात्रभर थांबा. ज्योतीने तापवायला मात्र अजिबात जाऊ नका.

सीटपोस्ट किमान किती आत राहायला हवा हे दाखवणारी खूण त्यावर असते, ती बाहेर दिसेल इतका तो वर ओढू नका, सगळा भार सीट ट्यूबच्या तोंडावर येऊन तिथे भेग पडते.

बॉटम ब्रॅकेटचे (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या भागाचे) आटे कोरडे ठेवून पिळू नका. टायटॅनियम घासलं की समोरच्या धातूला धरून बसतं. टायटॅनियमचे बोल्ट असतील तर धोका दुप्पट. तिथेही अँटी-सीझ, आणि ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच.

करकर आवाज आला की लगेच फ्रेमवर संशय घेऊ नका. पोकळ नळ्यांतून आवाज फिरतो, त्यामुळे तो येतो कुठून आणि ऐकू येतो कुठे, याचा मेळ बसत नाही. उभं राहून पेडल मारल्यावर थांबला, तर दोष सॅडल (सीट) किंवा सीटपोस्टचा. उभं राहूनही जोर लावताना येत असेल, तर पेडल, क्रँक (पेडल जोडलेला दांडा), बॉटम ब्रॅकेट, मागचा ॲक्सल (चाकाचा आस) या क्रमाने पाहा. पेडल न मारता, हँडल ओढल्यावर येत असेल, तर स्टेम (हँडल धरणारा जोड) आणि हेडसेट (हँडल वळवणारे बेअरिंग).

हे सगळं साफ करूनही आवाज राहिला, तर मग वेल्ड तपासा. फ्रेम धुऊन कोरडी करा आणि टॉर्चच्या उजेडात वेल्डच्या कडेने नजर फिरवा: हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) मागे, बॉटम ब्रॅकेटभोवती, चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांच्या) टोकाशी. केसासारखी काळी रेघ पुसूनही जात नसेल, नख अडकत असेल, तर त्या दिवसापासून सायकल चालवू नका. कोणत्याही वेल्डरकडेही नेऊ नका. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं. नळीच्या आत आणि बाहेर आर्गॉन सोडून वेल्ड करणारा जाणकारच हवा.

ओरखड्यांची काळजी नको. ब्रश केलेल्या फिनिशवर नायलॉनचा घासणीचा पॅड रेघांच्याच दिशेने हलक्या हाताने फिरवला की ते मिसळून जातात. मॅट, ब्लास्ट केलेल्या (बारीक कणांचा मारा करून खरखरीत केलेल्या) फिनिशवर मात्र हा उपाय करू नका, तिथे चकचकीत डाग पडतो.