दाजींना पुण्यात पिक्चर दिसेना, तेव्हा काय काय तपासायचं

रात्री साडेनऊच्या सुमारास पुण्यातून दाजींचा फोन वाजला की मी न उचलताच समजतो. "पाव्हणं, तुमचं ते पिक्चरचं खोकं परत झोपलं बघा." खोकं म्हणजे कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर ठेवलेला जुना डेस्कटॉप. मी बरीच वर्षं लग्नाच्या शूटिंगचा धंदा केला. घरच्या आणि भाऊबंदांच्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करून या डेस्कटॉपात भरल्यात आणि त्यावर जेलीफिन बसवलंय, म्हणजे आपलेच व्हिडिओ नेटवरून दाखवणारं सॉफ्टवेअर; म्हणून हाच माझा सर्व्हर. ताईला तिचं लग्न पुण्यात बसून बघता यावं, एवढ्यासाठी ही सगळी उठाठेव. हे खोकं बाहेरून इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी बंद पडलंय, की तपासायचा क्रम आता मला पाठ झालाय.

प्लेक्स हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर, ते वापरणाऱ्यांनाही यातलं बरंचसं चालेल. पोर्ट म्हणजे सॉफ्टवेअरच्या दाराचा नंबर; माझ्या ८०९६ पोर्टच्या जागी त्यांनी ३२४०० वाचावं. त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगतो: २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सवर घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायलाही प्लेक्स पास किंवा रिमोट वॉच पास लागतो. फुकट खातं असेल तर राउटरशी झटापट करण्याआधी तेवढं बघून घ्या.

पहिल्यांदा राउटरला हात लावायचाच नाही. घरच्याच वायफायवर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आतला पत्ता टाका, माझा १९२.१६८.१.५०, पुढे विसर्गासारखं दिसणारं कोलन (:) आणि ८०९६. इथंच काही उघडलं नाही तर भानगड घरातलीच आहे, बाहेरचं सगळं विसरा. आमच्याकडं लाइट गेली आणि आली की दोन गोष्टी व्हायच्या. एक तर डेस्कटॉप आपण होऊन सुरूच व्हायचा नाही. त्याला बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पानावर, 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तसल्याच नावाचं सेटिंग असतंय, ते ऑन करून टाकलं. दुसरं म्हणजे राउटर त्याला नवाच पत्ता द्यायचा. काल ५० होता, आज ५३, आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेल्याला कुठल्या मशीनकडं धाडायचं ते राउटरमधलं सेटिंग, अजून ५० कडेच बोट दाखवतंय. राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (पत्ता राखून ठेवायच्या सेटिंगमध्ये) मशीनचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ठरलेला नंबर, टाकून आकडा कायमचा बांधून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

डेस्कटॉपवर ब्राउझरमध्ये उघडतंय, पण घरातल्याच मोबाइलवर उघडत नाही, असं झालं तर विंडोज फायरवॉल. कधी राउटर बदलला की विंडोज ते नेटवर्क 'पब्लिक' धरतंय आणि दार लावून बसतंय. घरचं नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. मशीन झोपी जात असेल तर स्लीप बंद करा. जेलीफिनच्या नेटवर्किंगच्या पानावर 'अलाउ रिमोट कनेक्शन्स टू धिस सर्व्हर' याच्यापुढं खूण आहे ना, तेही बघा. माझ्याकडनं ती एकदा चुकून निघाली होती आणि मी दोन दिवस केबलवाल्याला शिव्या देत होतो.

आता घरात चालतंय, बाहेर नाही. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर तपासा. वायफायवर बसून बाहेरचा पत्ता टाकून बघणं फसवं आहे. पुष्कळ राउटर आतून बाहेर जाऊन परत आत यायची वाट देतच नाहीत, मग सगळं ठीक असूनही बंद दिसतंय.

डेटावरही उघडलं नाही, की मुख्य जागेवर यायचं. मला हे कळायला तीन संध्याकाळी लागल्या. राउटरच्या पानावर स्टेटस किंवा वॅन असं लिहिलेलं असतंय, तिथला आयपी पत्ता कागदावर लिहून घ्या. मग गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा आणि जो आकडा येईल तो त्याच्याखाली लिहा. दोन्ही आयपीव्ही४चेच हवेत, म्हणजे मध्ये टिंबं असलेले चार आकडे. गूगलनं विसर्गांची लांबलचक माळ दाखवली तर ती आयपीव्ही६ची, ती इथं नको. मी माळ्याच्या जिन्यावर बॅटरी तोंडात धरून पाकिटाच्या मागं दोन्ही लिहिले. वरचा १०० नं सुरू होत होता, खालचा वेगळाच. तिथंच सगळं उलगडलं.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास या कामासाठी राखून ठेवलेत. याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ पत्ते पुरत नाहीत, म्हणून इंटरनेटवाला अनेक गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागं बसवतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखं समजा. बाहेर घर नंबर एकच, आत दहा बिऱ्हाडं. पोस्टमन दिंडीदरवाजापर्यंत येतो, पण पत्रावर बिऱ्हाडाचं नाव नसलं तर कुणाला देणार? तुम्ही आपल्या खोलीचं दार कितीही सताड उघडं ठेवा, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट करा, दिंडीदरवाजा तुमच्या हातात नाही. मी केबलवाल्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "काका, आता सगळ्यांचंच तसं असतंय." आमची लाइन कधी बदलली, कुणी सांगितलं नव्हतं.

वरचा आकडा १०. किंवा १९२.१६८ नं सुरू होत असेल तर आधी घरातच बघा. इंटरनेटवाल्याचं खोकं आणि तुमचा राउटर, दोन्ही राउटरचं काम करत असतील. मग एकाला ब्रिज मोडमध्ये टाकायचं, म्हणजे ते राउटरचं काम सोडून नुसतं नेट पुढं देतंय. घरात एकच खोकं असूनही तसलाच आकडा दिसला, तर तेही सीजीनॅटच. आणि दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर तुम्ही नशीबवान. पोर्ट फॉरवर्डिंग तपासा, आणि पत्ता बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएस लावा, म्हणजे पत्ता बदलला तरी नाव तेच राहतंय. पण साध्या पासवर्डनं ८०९६ जगासाठी उघडा टाकू नका. त्या पोर्टवर साधं एचटीटीपी चालतंय, एन्क्रिप्शन नाही.

सीजीनॅटवर उपाय तीन. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा बाहेरचा पत्ता, घेता येतो. आयपीव्ही६ मिळत असेल तर तेही चालतंय, पण ते समोरच्याकडंही पाहिजे, दाजींच्याकडं नव्हतं. तिसरा मी निवडला: टेलस्केल, म्हणजे आपल्याच मशीनींना नेटवरून खासगी जाळ्यात जोडणारं ॲप. वायरगार्ड नावाच्या एन्क्रिप्टेड व्हीपीएन तंत्रावर चालतंय, सर्व्हरवर आणि दाजींच्या फोनवर टाकायचं, राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. गंमत म्हणजे तेही १०० नंच सुरू होणारा पत्ता देतंय, त्याच राखीव पट्ट्यातला. तो बघून मी आधी कपाळाला हात लावला होता.

टेलस्केलचे दोन खोडे लक्षात ठेवा. 'टेलस्केल स्टेटस' ही कमांड देऊन बघा. समोरच्या मशीनपुढं 'डायरेक्ट' आलं तर उत्तम, 'रिले' आलं तर व्हिडिओ मधल्या सर्व्हरवरनं फिरून येतोय आणि अडखळणार. दुसरं, मशीनची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते. आमचं खोकं सहा महिने सुतासारखं चाललं आणि एका रात्री न सांगता गळालं. मी नेहमीचं सगळं तपासत बसलो, राउटर दोनदा रीस्टार्ट केला. टेलस्केलच्या ॲडमिन पानावर सर्व्हरसाठी 'डिसेबल की एक्सपायरी' करून टाका, आजच.

आता चित्र येतंय पण चाक फिरत बसतंय, हा प्रकार वेगळा. बाहेर पाठवताना तुमच्या घरचा अपलोड वेग लागतो, जाहिरातीतला डाउनलोड नव्हे. त्यात माझी स्वतःची चूक मोठी होती. कॅसेटी मी डीव्ही या जुन्या डिजिटल व्हिडिओ प्रकारात उतरवल्या होत्या. डीव्हीचा व्हिडिओ सेकंदाला २५ मेगाबिट खातो, एक तास म्हणजे साधारण १३ जीबी. ब्राउझरला डीव्ही चालत नाही, त्यामुळं बिचारा जुना सीपीयू दरवेळी लग्न जागच्या जागी ब्राउझरला चालणाऱ्या एच२६४ प्रकारात बदलत (याला ट्रान्सकोड म्हणतात) बसायचा आणि टास्क मॅनेजरमध्ये १०० टक्के दिसायचा. शिवाय पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, कॅसेटचं चित्र इंटरलेस असतंय, सेकंदाला ५० अर्धी चित्रं. ते नीट जुळवलं नाही तर नवरीनं मान हलवली की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात.

मग हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिइंटरलेस लावून सगळ्या फायली आधीच एच२६४ करून ठेवल्या, अडीच मेगाबिटच्या आसपास. तास सव्वा जीबीत बसला आणि व्हीएचएसच्या मूळ दर्जात डोळ्याला फरक दिसला नाही. डीव्हीच्या मूळ फायली मात्र वेगळ्या डिस्कवर ठेवल्यात, त्या पुसू नका. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर कोण काय बघतंय तिथं 'डायरेक्ट प्ले' दिसलं की सीपीयू निवांत. 'ट्रान्सकोड' दिसलं तर फाइल, नाहीतर चित्रांच्या स्वरूपातले सबटायटल अडवतायत.

शेवटचा घोळ टीव्हीचा. दाजींच्या टीव्हीवर टेलस्केलचं ॲप मिळेना. अँड्रॉइड टीव्हीवर ते मिळतंय, म्हणून एचडीएमआयमध्ये खुपसायची तसली छोटी स्टिक घेऊन ताईकडं गेलो आणि स्वतः बसवून आलो. त्या रात्री फोन आला साडेअकराला. "पाव्हणं, लग्नात आमच्या शेजारी उभा राहून पेढे खाणारा तो माणूस कोण?" मी चाळीस मिनिटांची फाइल पुढं-मागं करून बघितली. कोण ते अजून कळलेलं नाही.