पीआरपी करून घेताय? आधी रक्ताच्या ट्यूबवरचं नाव बघा

"अक्का, लग्न पंधरा दिवसांवर आलंय, पीआरपी करून टाका की." उचगावची एक मुलगी परवा आली होती. डॉक्टरांनी तिला नाही म्हटलं, बरंच झालं. बेळगावात टिळकवाडीतल्या स्किन क्लिनिकमध्ये मी नर्स आहे, ही घाई रोज बघते.

पीआरपीत आपलंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात आणि त्यातल्या प्लेटलेट्स त्वचेत टोचतात. त्यातून नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीवपणा देणारं प्रथिन, तयार व्हायला दोन-तीन महिने जातात, शिवाय महिन्याच्या अंतराने साधारण तीन सिटिंग. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर आषाढातच सुरू करा. पुरळांचे उथळ खड्डे थोडेफार भरतात, पोत सुधारतो. रंग गोरा होत नाही.

मेडिकलमधून आणलेली गोरं करणारी क्रीम लावत असाल तर डॉक्टरांना ती दाखवाच. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते. आठवडाभर आधी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळा. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. पू असलेले फोड, ओठावर तापासारखे बारीक फोड (जर) उठलेले, गरोदरपण, प्लेटलेट्स कमी: अशा वेळी थांबा. जखमेचे वण फुगत असतील तर तेही सांगा.

पीआरपीच्या दिवशी क्लिनिकच्या भिंतीवर केपीएमईचं, म्हणजे कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांच्या कायद्याखालचं, नोंदणीपत्र आहे का बघा. संमतीपत्र कन्नड-इंग्रजीत असलं तर मराठीतून वाचून घ्या, सही नंतर.

मग डोळे उघडे ठेवा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. रक्त काढल्या काढल्या ट्यूबवर तुमचं नाव लिहिलं पाहिजे, कारण मशीनमध्ये कधीकधी दोघींचं रक्त एकत्र फिरत असतं. मशीन थांबलं की खाली लाल, वर पिवळसर आणि मधे पांढुरका पातळ थर दिसतो. टोचण्याआधी नाव पुन्हा वाचायला लावा, लाजू नका. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत परवाना नसलेल्या एका स्पामध्ये असल्याच फेशियलमधून बायकांना एचआयव्हीची लागण झाली. २०१८ मध्ये ते उघडकीला आलं.

कुणी एक्झोसोम, म्हणजे पेशींतून निघणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्यांचं औषध, सुचवलं तर अमेरिकेच्या औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएने त्यातल्या एकाही उत्पादनाला मान्यता दिलेली नाही, हे लक्षात ठेवा. माझ्या बहिणीला मी ते करू देणार नाही.

घरी गेल्यावर दोन दिवस चेहरा लाल राहील. हळद, बेसन, लिंबू काही लावायचं नाही, पहिला दिवस मेकअपही नाही. आपल्या गव्हाळ कातडीवर ऊन लागलं की काळे डाग राहतात, म्हणून शिवारात जाताना तोंडाला ओढणी आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. दुखणं वाढलं, पू दिसला किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी या.