एका खोलीत वाकळ शिवायची तर

गाव सोडून लातूर-नांदेडला भाड्याच्या खोलीत आलं की वाकळ अंथरायलाच जागा उरत नाही, आणि हातची शिवण सुटते. अख्खी अंथरूच नका, चौकोन-चौकोनानं शिवा.

1. वरचा-खालचा कपडा 13 इंची, मधला जुन्या लुगड्याचा थर 12 इंची. तिन्ही थरांना कच्चा (तात्पुरता) टाका घालून मधून कडेकडे धावदोरा (साधे सरळ टाके) घाला. कडेला इंचभर मोकळं सोडा, नाहीतर पुढं जोडताच येत नाही. मांडीवर मावतं; कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर दोन ओळी निघतात.
2. दोन चौकोनांचे फक्त वरचे कपडे अर्धा इंच आत जोडा. उलटून मधले थर भिडवा, खालचा एक काठ दुमडून दुसऱ्यावर हातशिलाई घाला.

24 चौकोनांत 6 बाय 4 फुटी वाकळ होते.

कोरं सुती कापड मात्र आधी धुऊन घ्या. पहिल्याच धुण्यात आटलं की सगळी वाकळ चुरगळते.