गेममध्ये व्हिडिओ टाकायचाय? आधी इंजिनला काय चालतं ते बघा

इंट्रो किंवा कटसीन (गेमच्या मध्ये दाखवायचा छोटा व्हिडिओ) तयार झाला की फाइल सरळ इंजिनच्या, म्हणजे गोडो, युनिटी, अनरियल अशा गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या, प्रोजेक्टमध्ये ओढून टाकायची, प्ले दाबायचं, चालला की खूश व्हायचं. पुढे तोच बिल्ड (खेळायला देण्यासाठी तयार केलेला गेम) दुसऱ्याच्या मशीनवर चालवला की आवाज येतो आणि पडदा काळा! बऱ्याचदा व्हिडिओत खोट नसते, फॉरमॅट चुकलेला असतो.

१. फाइलच्या आत काय आहे ते बघा. एमपी४ हा नुसता डबा, आत कुठला कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) आहे, एच.२६४ की एचईव्हीसी, ते नावावरून कळत नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडून टूल्स मेनूतल्या कोडेक इन्फर्मेशनमध्ये बघा. अनेक फोन एचईव्हीसीतच रेकॉर्ड करतात आणि विंडोजवर तो वाचायला बऱ्याचदा वेगळं एक्स्टेन्शन लागतं. तुमच्याकडे ते असतं, खेळणाऱ्याकडे असेलच असं नाही.

२. इंजिनप्रमाणे फॉरमॅट ठरवा. खरा निर्णय इथे होतो.

गोडो ४ मध्ये प्रश्नच नाही: मूळ इंजिनात फक्त ऑग थिओरा (ऑग हा डबा, थिओरा हा कोडेक), म्हणजे .ओजीव्ही फाइल. गोडो ३ मध्ये वेबएम (एमपी४सारखाच दुसरा डबा) चालायचं, ४ मध्ये ते काढलं. जुने धडे बघून काम करणारे नेमके इथे अडकतात.

युनिटीत नेहमीच्या कामाला एच.२६४ चा एमपी४ घ्या. त्याचं डिकोडिंग (दाबलेला व्हिडिओ उलगडून दाखवणं) बहुतेक वेळा हार्डवेअर करतं. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल, समजा मेनूवर तरंगणारा धूर, तर अल्फासह (पारदर्शकतेच्या माहितीसह) व्हीपी८ कोडेकचा वेबएम. तो युनिटी स्वतः सॉफ्टवेअरने डिकोड करते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सारखाच दिसतो, पण ताण सीपीयूवर येतो. फोनवर मोठ्या रिझोल्यूशनचा वेबएम मी तरी टाळेन.

अनरियलमध्येही एच.२६४ चा एमपी४ चालतो. शिवाय बिंक आहे. रॅड गेम टूल्सचा हा कोडेक खास गेमसाठीच बनवलेला. त्याचा डिकोडर गेमसोबतच जातो, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडेकची मिनतवारी करावी लागत नाही. २०२१ मध्ये एपिकने रॅड विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या ४.२७ आवृत्तीपासून अनरियलमध्ये बिंक मोफत मिळू लागला.

३. रूपांतर मूळ एक्सपोर्टवरूनच करा. आधीच दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) फाइल पुन्हा दाबली की गडद भागात चौकोन दिसू लागतात. एमपी४ आणि वेबएमसाठी हँडब्रेक हे रूपांतराचं सॉफ्टवेअर पुरे. थिओरासाठी एफएफएमपेग हे कमांड लिहून चालवायचं टूल लागेल.

फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, ठेवायला विसरू नका. फोनच्या आणि स्क्रीन रेकॉर्डिंगच्या फाइलमध्ये तो अनेकदा बदलता असतो, मग ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. रुंदी-उंची सम आकड्यात ठेवा. कोडमधून मधल्याच जागी उडी मारायची असेल तर कीफ्रेम (पूर्ण साठवलेली चित्रं, जिथून व्हिडिओ सुरू करता येतो) जवळजवळ ठेवा, नाहीतर उडी मारताना अडखळेल. फाइल थोडी फुगेल, फुगू द्या.

४. योग्य फोल्डरमध्ये ठेवा. अनरियलमध्ये कंटेंटच्या आत मूव्हीज नावाचं फोल्डर करा. बाहेरची फाइल पॅकेजमध्ये (तयार गेममध्ये) आपोआप येत नाही. युनिटीच्या वेब बिल्डमध्ये व्हिडिओ क्लिप थेट जोडून चालत नाही. फाइल स्ट्रीमिंगअॅसेट्स नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून यूआरएल द्यावी लागते.

५. बिल्ड करून तपासा, तेही तुमच्या मशीनवर नको. एडिटिंगचं कुठलंच सॉफ्टवेअर नसलेला साधा लॅपटॉप यासाठी उत्तम. व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. आवाजाचा घोळ पहिल्या दहा सेकंदांत सहसा कळत नाही.