जुनी टोयोटा मोटरहोम घेताय? इंजिन नंतर, आधी छत बघा

वर्षभरात ओळखीतल्या चार जणांनी तरी विचारलं की तुमच्यासारखी ती छोटी जुनी आरव्ही, म्हणजे मोटरहोम, घ्यायचीय, काय काय बघायचं, तर दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला राहतो, गाडी १९८७ ची टोयोटा डॉल्फिन, २१ फुटी, सहा वर्षं झाली आमच्याकडे. नवरा गाडीखाली आणि मी छतावर अशी कामाची वाटणी आहे, त्यामुळे छताबद्दल जरा जास्तच येईल, पण यायलाच हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९७० च्या दशकापासून साधारण १९९३ पर्यंत टोयोटाच्या पिकअपची नुसती केबिन आणि चासी घेऊन त्यावर इथल्या कंपन्या घर बांधायच्या. डॉल्फिन, सनरेडर, विनेबागोची वॉरियर, सगळ्या त्यातल्याच. म्हणजे पुढून टोयोटा आणि मागून कुणा तिसऱ्याचंच सुतारकाम. टोयोटाचा भाग सहसा शब्दाला जागतो, रडवतं ते सुतारकाम.

फक्त एक गोष्ट टोयोटाच्या बाजूची आहे आणि ती छताच्याही आधी बघायची, मागचा अ‍ॅक्सल. सुरुवातीच्या गाड्यांना साध्या पिकअपचाच अ‍ॅक्सल होता, चाकाला पाच नट. त्यात गाडीचा भार अ‍ॅक्सलच्या दांड्यावरच येतो, आणि वर अख्खं घर, तो दांडा तुटला की चाकच निघून जातं. नंतरच्या गाड्यांना सहा नटांचा एक टनी फुल फ्लोटिंग अ‍ॅक्सल आला, त्यात भार बाहेरच्या हाउसिंगवर असतो, दांडा फक्त चाक फिरवतो. त्यामुळे बघायला गेलात की आधी मागे जाऊन खाली बसायचं आणि नट मोजायचे. मागे दोन-दोन चाकं दिसली म्हणून फसू नका, पाच नटांवर सुद्धा डबल चाकं लावलेल्या गाड्या आहेत, दिसायला दणकट पण आत अ‍ॅक्सल तोच मरतुकडा. पाच नट असतील तर अ‍ॅक्सल बदलायचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर सरळ नमस्कार करून निघा. जुने सहा नटी अ‍ॅक्सल आता शोधून सापडत नाहीत, त्यामुळे मी तर निघाच म्हणेन.

आता छत. या गाड्यांची भिंत म्हणजे आत लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये थर्माकोल, बाहेर पत्रा किंवा फायबरग्लास आणि आतून पातळ प्लायवूड. पाणी एकदा आत गेलं की बाहेर यायला वाट नाही, बाहेरून गाडी चकाचक आणि आत लाकडाचा भुसा. सगळ्यात आधी कुजतो तो ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पुढे आलेला पलंग, कारण तिथे पुढची खिडकी, कोपऱ्यांचे सांधे आणि वारा तिन्ही एकत्र येतात. गादी उचला, मालकाला वाईट वाटलं तरी उचला, आणि खालचं प्लायवूड मुठीने दाबत दाबत कोपऱ्यापर्यंत जा. कलिंगड घेताना वाजवून बघतो ना तसंच भिंतीवर टिचक्या मारायच्या, कोरडं लाकड खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द. मग वरची कपाटं उघडून डोकं आत घालून वास घ्या. कुबट वास लपवता येत नाही. आणि एअर फ्रेशनर लटकवलेलं असेल तर दुप्पट वेळ वास घ्या.

आम्ही आधी एक गाडी जवळजवळ घेतलीच होती, आतून नवीन पांढरा रंग, पडदे-बिडदे झकास, मी सहज खिडकीखाली अंगठा दाबला तर अंगठा आतच गेला. विकणारा म्हणतो, अरे हे तर मला माहीतच नव्हतं. बरं. तेव्हापासून आतून ताजा रंग दिसला की मला आनंद होत नाही. शक्य असेल तर चांगला पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी बघायला जा.

सनरेडरचं कवच फायबरग्लासचं मोल्ड केलेलं, कोपऱ्यांना सांधे कमी, म्हणून ती गळायचा धोका कमी आणि भाव जास्त. पण खिडक्या आणि छतावरचे व्हेंट तिलाही आहेतच, तेव्हा न गळणारी गाडी असं कुणी म्हणालं तर फक्त मान हलवा.

इंजिनाचं थोडक्यात सांगते, नवऱ्याने पान भरून लिहिलं असतं. चार सिलिंडरचं २२आर किंवा २२आरई असेल तर ते दमदार नाही पण चिवट आहे. त्याची एकच खोड, टायमिंग चेनचे प्लास्टिकचे गाइड तुटतात आणि मग सैल चेन पुढचं कव्हर आतून घासत घासत कूलंटच्या वाटेपर्यंत पोचते. म्हणून गाडी थंड असताना तुमच्यासमोर सुरू करायला सांगा, पुढून खडखड आवाज आला तर चेनचं काम निघालंय. तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर का ते विचारा. नंतरच्या काही गाड्यांना ३ लिटरचं व्ही६ आहे, ताकद थोडी जास्त, पण हेड गॅस्केटसाठी बदनाम, आणि त्याला चेन नाही बेल्ट आहे, ६०,००० मैलांना बदलायचा. चढावर दोन्हींकडून फार अपेक्षा नको. आम्ही डॉनर पासच्या घाटात उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे ३५-४० मैलांच्या स्पीडने जातो, गाणी लावतो, भडंग खातो.

कॅलिफोर्नियात असाल तर कागदाचं एक काम विसरू नका. १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, लागते आणि ते सर्टिफिकेट द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची असते, ९० दिवसांच्या आतलं. "सहज पास होईल हो, तुम्ही करून घ्या" म्हणणाऱ्याला सांगायचं, सहज होईल तर तुम्हीच करा की. टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) गाडीवरच्याशी स्वतः ताडून बघा आणि रजिस्ट्रेशन किती वर्षं थकलंय तेही.

फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर मालकाला आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा, थंड व्हायलाच त्याला कित्येक तास लागतात, तुमच्यासमोर चालू करून काही कळत नाही. मागची जाळी काढून टॉर्च मारा, पिवळट पावडर दिसली किंवा अमोनियाचा वास आला की तो फ्रिज गेलेला. आणि तो साधारण सपाट जागेवरच चालतो, तिरप्या पार्किंगमध्ये तासन्‌तास चालू ठेवला की स्वतःच मरतो. गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, घरी सिलिंडर बदलल्यावर बघायचो तसंच. हा गॅस म्हणजे प्रोपेन, हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म खाली जमिनीजवळ असतो, त्याच्या मागे तारीख छापलेली असते, ती उलटून गेली असेल तर पहिल्याच दिवशी नवा लावा, कार्बन मोनॉक्साइडचाही.

टायरची नक्षी बघून भुलायचं नाही, वय बघायचं. कडेला छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि साल, २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. या गाड्या वर्षातून दोनदा फिरतात त्यामुळे टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात आणि एक दिवस हायवेवर फुटतात. साध्या कारचे टायर मापात बसतात पण ते लावायचे नाहीत, भार पेलणारे लोड रेंज डी घ्या. मागच्या आतल्या टायरपर्यंत हात पोचत नाही, मग लोक हवाच बघत नाहीत, तर व्हॉल्व्हला एक्स्टेंशन लावून घ्या. ट्रकचा क्लीनर ढाब्यावर उतरून टायरवर टॉमी मारत फिरायचा ना, आमचा नवरा प्रत्येक स्टॉपला हातोडी घेऊन तेच करतो, लोक बघतात, बघू देत.

वजनाचं भान ठेवा. पाणी गॅलनला ८ पौंडांच्या वर, २० गॅलनची टाकी भरली की दोन मोठी माणसं नाहीतरी एक जाडजूड माणूस वाढलाच. शिवाय प्रेशर कुकर, तवा, पोळपाट, सासूबाईंचा खलबत्ता. एकदा सगळं सामान भरून ट्रक स्टॉपच्या काट्यावर चढवा आणि आकडा दारावरच्या पट्टीवर छापलेल्या कमाल वजनाशी जुळवून बघा, आमचे डोळे उघडले होते.

घेतल्यावरचं मुख्य काम पुन्हा छतच. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, मी वर चढते, चढते म्हणजे फळी टाकून गुडघ्यांवर, उभं राहायचं नाही. पाणी मारून साफ करायचं आणि प्रत्येक व्हेंट, पाइप, अँटेना यांच्या कडेचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, नखाने दाबून बघायचं, भेग दिसली की प्लास्टिकच्या खरवडणीने जुनं काढून नवीन लॅप सीलंट घालायचं, सपाट जागी आपोआप पसरणारं आणि उभ्या कडेला न ओघळणारं. व्हेंट किंवा खिडकी काढून परत बसवायची असेल तर खाली ब्युटाइल टेप, ती काळी-राखाडी चिकट पट्टी. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन मात्र कधीही नको, ते स्वतःही सुटतं आणि नंतर त्या जागी दुसरं काही चिकटत नाही. आमच्या आधीच्या मालकाने भरभरून लावलेलं, ते खरवडण्यात माझे दोन वीकेंड गेले आणि एवढं करून बाथरूमच्या व्हेंटचं झाकण राहिलंच, उन्हाने कडक झालेलं प्लास्टिक. मेंडोसिनोला रात्रभर पाऊस, सकाळी उठून बघते तर चिवड्याच्या डब्यात पाणी. झाकण किती स्वस्त मिळतं ते सांगत नाही, चिवडा आईने साताऱ्याहून पाठवलेला होता.

पाण्याची टाकी सीझनच्या सुरुवातीला ब्लीचने धुवायची, १५ गॅलनला पाव कप, नळ सोडून तो वास पाइपात येऊ द्यायचा, काही तास ठेवून दोनदा साध्या पाण्याने काढायचं. थंडीत टाहोच्या डोंगरांकडे किंवा जिथे गोठतं तिथे ठेवणार असाल तर सगळं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ फिरवायचं, आरव्हीचंच, गाडीच्या रेडिएटरचं विषारी असतं. शॉवरचा नळ आणि टॉयलेट विसरतात लोक, आणि फुटतात तेच.

हिवाळ्यात गाडी उभी असली तरी महिन्यातून एकदा अर्धा तास चालवून आणा आणि सिंकखाली पाइप जिथून जमिनीत जातो त्या भोकात स्टील वूल कोंबून ठेवा, उंदीर तिथूनच येतात, पहिल्या वर्षी आमच्या गादीत अख्खं कुटुंब राहून गेलं.