हाती पैसा नसताना नागरी हक्कांची वकिली कशी उभी करावी

घरात आधी कोणी वकील नसलेल्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या फीबरोबरच सनदेनंतरच्या (वकिलीचा परवाना मिळाल्यानंतरच्या) पहिल्या काही वर्षांचा हिशेबही आधीच मांडून ठेवावा, कारण ज्युनियरच्या तुटपुंज्या मानधनात शहरातले खोलीभाडेही निघत नाही आणि अनेक होतकरू मुले-मुली याच टप्प्यावर वकिली सोडतात.

प्रवेशासाठी राज्याची विधी सीईटी द्यावी लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करावा आणि वसतिगृह न मिळाल्यास राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी मदत देणाऱ्या स्वाधार योजनेची चौकशी करावी. सनदेच्या वेळी जास्त शुल्क मागितले गेले तर मात्र ठाम राहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या 30 जुलै 2024 च्या निकालानुसार नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपयेच आहे. मुद्रांक शुल्क तेवढे वेगळे.

सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, परंतु दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा आहे आणि ती अवश्य वापरावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा त्यांनाही पुढे काही वर्षे बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना पाणी भरू देऊ नये असा दावा, ज्यात ते स्वतः प्रतिवादी होते, डिसेंबर 1927 मध्ये दाखल झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937 रोजी लागला. नागरी हक्कांचे दावे असे लांबतात, म्हणून पोटाची सोय हा या वकिलीचाच भाग मानावा.

वादींना अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी (आठवणीपलीकडे चालत आलेली) रूढी सिद्ध करता आली नाही म्हणून तो दावा फेटाळला गेला, हे नव्या वकिलाने नीट लक्षात घ्यावे. अन्यायाची चीड असावीच, पण कोर्टात पुरावा बोलतो. अ‍ॅट्रॉसिटीच्या (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या) प्रकरणात एफआयआरची प्रत, जातीचा दाखला आणि पंचनाम्याची नक्कल पहिल्याच आठवड्यात मागावी. आरोपीने जामीन अर्ज केला की पीडिताला नोटीस गेली आहे का, हे रोजनामा (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) उघडून पाहावे; गेली नसेल तर वकीलपत्र दाखल करून याच कायद्याच्या कलम 15अ खाली पीडिताचा म्हणणे मांडण्याचा हक्क लेखी मागावा. अशी नोटीस न देताच राजस्थान उच्च न्यायालयाने दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये, हरिराम भांबी प्रकरणात, रद्द केला आहे. जामिनाच्या दिवशी पीडिताचे कुटुंब कोर्टाच्या व्हरांड्यात काहीच न कळता उभे असते, आणि तेथे त्यांच्या बाजूने एक अर्ज लिहून देणारा वकील लागतो.

साधारण तीन वर्षांच्या अनुभवानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करावा. तेथे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि थोडे का होईना, मानधनही मिळते.